मनाचे ऋतू (भाग ४) : आधी उजेड, मग उमेद

नॉर्वेतलं र्‍यूकान हे गाव इतक्या खोल दरीत आहे, की सप्टेंबरअखेर सूर्य डोंगराआड गेला की मार्चपर्यंत गावात ऊन पडत नाही. गावातल्या नॉर्स्क हायड्रो या कंपनीने १९२८ साली लोकांसाठी रज्जुमार्ग बांधला, तोही डोंगरावर जाऊन ऊन खाता यावं म्हणून. २०१३ साली गावाने डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले. ते सूर्याबरोबर फिरतात आणि खाली चौकात ऊन पाडतात. गावकरी बाकांवर बसून ते ऊन अंगावर घेतात.

मागच्या भागात शोक आणि नैराश्य यांतला फरक पाहिला. आजचं नैराश्य उजेडाच्या अशाच उणिवेशी जोडलेलं आहे: ते ऋतूबरोबर येतं, ऋतूबरोबर जातं आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतं. नॉर्मन रोझेन्थाल हे मानसोपचारतज्ज्ञ जोहान्सबर्गच्या उन्हातून १९७६ साली न्यूयॉर्कला आले. तिथल्या हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो, हे त्यांना स्वतःला जाणवलं. पुढे १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. नैराश्यात बऱ्याचदा झोप उडते, अन्न जात नाही. इथे उलट होतं: कितीही झोपलं तरी पुरत नाही, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, वजन वाढतं, माणसं नकोशी होतात.

डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, ज्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून उजेड मोजणं हे आहे. त्यांचा शोध २००२ च्या सुमारास लागला. त्या मेंदूतल्या घड्याळाला दिवस उगवल्याचं कळवतात, आणि रात्रीचं संप्रेरक मेलाटोनिन आवरतं घेतलं जातं. डिसेंबरात पुण्यात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, लंडनमध्ये जेमतेम आठ तासांचा. म्हणून आपल्याकडच्या थंडीतल्या आळसाला सरसकट हा आजार ठरवू नये. पण पुण्या-नाशिकहून मँचेस्टरला शिकायला गेलेल्या मुलीचं काय? ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं. सकाळी उठवत नाही, अभ्यासाला बसवत नाही, आणि ती स्वतःलाच आळशी ठरवते. व्हिडिओ कॉलवर आई म्हणते, “अगं, जरा मनावर घे, बाहेर फिरून ये.” यातला दुसरा सल्ला अगदी बरोबर आहे. पहिल्याने मात्र मुलगी आणखी खचते, कारण मनावर घेण्याची ताकदच तर आजाराने काढून घेतलेली असते.

म्हणून उमेद येण्याची वाट पाहू नये, आधी उजेडात जावं. खोलीतला दिवा फार तर तीनशे-पाचशे लक्स उजेड देतो. ढगाळ दिवशीही भरदुपारी बाहेर तो हजारांत असतो. उपचारासाठीचे खास दिवे दहा हजार लक्सचे असतात. सकाळी उठल्यावर साधारण अर्धा तास त्यांच्यासमोर बसायचं, थेट दिव्याकडे बघायचं नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा द्विध्रुवी विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. द्विध्रुवी विकारात या उजेडाने उन्माद उसळू शकतो.

उजेडाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कृती, आणि मला वाटतं, आपण तिला फार कमी लेखतो. संशोधक केली रोहन यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात प्रकाशोपचार आणि विचार-वर्तन उपचार हे त्या हिवाळ्यापुरते सारखेच गुणकारी ठरले; दोन हिवाळ्यांनंतर मात्र दुसऱ्या गटात आजार कमी जणांना उलटला. या उपचारात माणसं घड्याळाप्रमाणे वागायला शिकतात, मनःस्थितीप्रमाणे नाही. मँचेस्टरच्या मुलीने बस सोडून सकाळी कॉलेजला चालत जायचं ठरवावं आणि मैत्रिणीला सोबत घ्यावं, म्हणजे ऐनवेळी मन नाही म्हणालं तरी दाराशी कुणीतरी उभं असेल. शुक्रवारी सगळ्यांनी मिळून पिठलं-भाकरी करायची, ही भेटही आधीच ठरलेली हवी. पहिले काही दिवस काहीच बरं वाटणार नाही. तरी जायचं.

दोन आठवडे उदासी हटत नसेल, तर डॉक्टरांकडे जावं. औषधांचाही उपयोग होतो. जगणं नकोसं वाटू लागलं तर थांबूच नये. भारतात टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ आणि ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेचा १११ हे क्रमांक दिवसरात्र चालू असतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांनी हे दोन्ही क्रमांक आजच त्यांना पाठवावेत.

पुढच्या आठवड्यात : रात्रपाळी आणि मन.