कळा सोसायच्या, अपमान नाही

२०२४च्या एप्रिलअखेरीस भांडुपच्या सुषमा स्वराज प्रसूतिगृहात एका बाईचं सिझर झालं. वीज गेली होती, जनरेटर सुरू झाला नाही आणि मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात शस्त्रक्रिया उरकली, असा आरोप कुटुंबाने केला. बाळ वाचलं नाही. आईला सायन रुग्णालयात हलवलं, तीही गेली. नातेवाइकांनी आंदोलन केलं, चौकशी लागली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

दोन जीव गेले म्हणून ही बातमी झाली. आई आणि बाळ दोघंही धडधाकट घरी येतात, तेव्हा मात्र लेबर रूममध्ये तिच्याशी कोण कसं वागलं, हे घरातही कुणी विचारत नाही. पेढे वाटले जातात, बाराव्या दिवशी बारसं होतं आणि तिला जे सांगायचं असतं ते राहून जातं.

दाराआड काय घडतं

अंधेरीच्या चाळीत, घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत, बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये, कुठेही चार बाळंतिणी एकत्र बसल्या की गोष्टी थोड्याफार फरकाने त्याच निघतात. कळांनी ओरडणाऱ्या बाईला “नवऱ्याजवळ जाताना नाही का ओरडलीस?” असं विचारलं जातं. मांडीवर चापट बसते. पडदा नसलेल्या खोलीत शेजारच्या टेबलावरच्या बाईसमोर आतून तपासलं जातं आणि एका डॉक्टरनंतर शिकाऊ डॉक्टर पुन्हा तपासतात. पोटावर जोर देऊन बाळ खाली ढकललं जातं. न सांगता खाली कट दिला जातो, भूल पुरती चढण्याआधीच टाके पडतात. तिसरं मूल असेल तर टोमणे, बुरखा असेल तर आणखी टोमणे. बाळ दाखवण्याआधी ‘खुशी’ मागितली जाते. प्रसूतीनंतर लगेच तांबी बसवल्याचं काही जणींना पुढे कधीतरी कळतं.

खासगी नर्सिंग होममध्ये भाषा गोड असते, तरी तिथेही सिझर का करायचं हे नीट सांगितलं जात नाही आणि सही घाईघाईत घेतली जाते. बिल भरेपर्यंत आई-बाळाला घरी न सोडण्याचे प्रकारही होतात. रुग्णाला असं अडवून ठेवणं बेकायदा असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे.

सगळीकडे असंच होतं असं मुळीच नाही. रात्रभर हात धरून बसलेली सिस्टर आणि पाठ चोळून देणारी मावशी बायका आयुष्यभर विसरत नाहीत. चांगली वागणूक मिळणं नशिबावर सोडलेलं आहे, दुखणं ते आहे.

जगाने दखल घेतली

आरोग्य केंद्रांतल्या प्रसूतीत होणाऱ्या गैरवागणुकीचे सात प्रकार डायना बाउझर आणि कॅथलीन हिल यांनी २०१० मध्ये मांडले: मारहाण, संमतीशिवाय उपचार, गोपनीयतेचा भंग, अपमान, भेदभाव, एकटं सोडून देणं आणि अडवून ठेवणं. वर सांगितलेल्या बहुतेक तक्रारी यातल्या कुठल्या ना कुठल्या प्रकारात बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये स्वतंत्र निवेदन काढून हे थांबवण्याचं आवाहन केलं. पुढे घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरियात संशोधकांनी दोन हजारांवर प्रसूती प्रत्यक्ष पाहिल्या. त्यांतल्या ४० टक्क्यांहून अधिक बायकांच्या वाट्याला मारहाण, शिवीगाळ किंवा भेदभाव आला होता. बाळ बाहेर येण्याआधीचा अर्धा तास आणि नंतरची पंधरा मिनिटं, म्हणजे बाई सर्वांत असहाय असते त्या वेळी हे प्रमाण सर्वाधिक होतं. व्हेनेझुएलाने तर २००७ मध्येच प्रसूतीतल्या हिंसेला कायद्यात गुन्हा ठरवलं. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही.

मुंबईतही अभ्यास झाला आहे. नेहा मढीवाला, राखी घोषाल, पद्मजा मावाणी आणि नोभोजित रॉय यांचा शहरातल्या दोन रुग्णालयांवरचा शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी नर्स रागीट किंवा एखादा डॉक्टर उर्मट, एवढ्यावर न थांबता त्यांनी संस्थेच्या संस्कृतीत या वागणुकीची मुळं शोधली. सांताक्रूझची ‘सेहत’ ही संस्थाही महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांसोबत या प्रश्नावर काम करत आली आहे.

मुळं कुठे आहेत

एका सिस्टरकडे एकाच वेळी कळा देणाऱ्या अनेक बायका, निवासी डॉक्टरांच्या न संपणाऱ्या ड्यूट्या, अपुऱ्या खाटा. उपनगरांत त्यात आणखी भर आहे. मुलुंडचं अग्रवाल आणि बोरिवलीचं भगवती ही पालिकेची रुग्णालयं वर्षानुवर्षं पुनर्बांधणीत अडकली. मग राजावाडी, कूपर, शताब्दीवर ताण येतो आणि गुंतागुंत झाली की बाईला ॲम्ब्युलन्समधून सायन, केईएम किंवा नायर गाठावं लागतं.

पण केवळ ताणाने टोमण्यांचा उलगडा होत नाही. हृदयविकाराच्या झटक्याने विव्हळणाऱ्या पुरुषाला त्याच रुग्णालयात कुणी असं बोलत नाही. तिच्यावर ओरडलं नाही तर बाई जोर लावणार नाही, बाळ गुदमरेल, म्हणून धाक हवा, हे नवा डॉक्टर आणि नवी सिस्टर ज्येष्ठांकडे पाहून शिकतात. ओरडा ‘तिच्या भल्यासाठी’ होतो आणि बाळ रडलं की सगळं माफ असतं. घरच्या मोठ्या बायकाही “आम्ही नाही का सोसलं?” म्हणतात.

धाकाबद्दल शास्त्र मात्र नेमकं उलट सांगतं. भीतीने अंगात ॲड्रिनलिन वाढतं आणि कळा मंदावू शकतात. शेजारी सतत धीर देणारं माणूस असेल तर काय होतं, हे १५ हजारांहून अधिक बायकांवरच्या २६ चाचण्यांच्या आढाव्यात तपासलं गेलं. प्रसूती थोडी लवकर झाली, नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण वाढलं, सिझर कमी झाली. शिवाय “गप्प पड” ऐकलेली बाई रक्तस्राव वाढला तरी हाक मारायला कचरते. पुढच्या खेपेला ती उशिरा येते. म्हणून सन्मानाची वागणूक हा सुरक्षित बाळंतपणाचाच भाग आहे.

कागदावरचे हक्क

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं रुग्णालयांत होतात. २०१८–२० मध्ये राज्यात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते, देशात ९७. बायकांना रुग्णालयापर्यंत आणण्याची लढाई आपण बऱ्यापैकी जिंकली. आता त्यांना तिथे माणूस म्हणून वागवण्याची पाळी आहे.

त्यासाठी नियम आहेत. कळांच्या वेळी सोबतीला एक बाई असू द्यावी, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलं. आडोशाची नीट सोय असेल तिथे नवराही थांबू शकतो. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात पडदा, सोबत आणि सन्मान हे लेबर रूमच्या दर्जाचे निकष आहेत. पोटावर जोर देणं आणि सरसकट कट देणं टाळावं, कळा नीट सुरू झाल्यावर आतली तपासणी साधारण चार तासांनी करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. एका उपचाराची संमती दुसऱ्याला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्येच सांगितलं आहे. तांबीसाठी आधी समजावून संमती घ्यावीच लागते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११पासून सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझरसुद्धा, मोफत आहे. राज्यातल्या नर्सिंग होमना २०२१च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद लावणं आणि तक्रार निवारणाची सोय करणं बंधनकारक केलं.

हे हक्क बहुतेक जणींना कुणी सांगितलेले नसतात. म्हणून नाव नोंदवतानाच विचारा: सोबत कोण थांबू शकेल? टेबलांमध्ये पडदे आहेत का? कट किंवा सिझर लागलं तर आधी सांगाल का? सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्या. काही चुकीचं घडलं तर तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि लेखी अर्ज करून केसपेपरच्या प्रती मागा. त्या ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पालिका रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांकडे, नर्सिंग होमबाबत वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. तक्रारीची पोच मात्र घ्याच.

पण हे ओझं ओल्या बाळंतिणीवर टाकून भागणार नाही. ते सासूने, आईने आणि विशेषतः नवऱ्याने उचलायला हवं. नगरसेवकाकडे रस्ता आणि पाणी मागतो, तसे आपल्या प्रसूतिगृहातले पडदे, चालू जनरेटर आणि पुरेशा सिस्टर मागायला हव्यात. हा अंक हाती घेतलेल्या प्रत्येक डॉक्टरला आणि सिस्टरला एक विनंती आहे. पुढच्या ड्यूटीत टेबलावरच्या बाईला तिच्या नावाने हाक मारा, हात लावण्याआधी काय करताय ते सांगा आणि तिच्या माणसाला आत येऊ द्या. यातल्या एकाही गोष्टीसाठी सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.