रक्तात लोह कमी, यकृतात जास्त?

तळा तालुक्यातल्या एकाच घरात दोन उलट रिपोर्ट सापडू शकतात. सुनेचे हिमोग्लोबिन कमी, म्हणून आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या सुरू असतात. मुंबईत नोकरी करून गणपतीला गावी आलेल्या मुलाच्या सोनोग्राफीवर 'फॅटी लिव्हर' लिहिलेले असते आणि रक्तात 'फेरिटिन' वाढलेले दिसते. एकीला लोह कमी, दुसऱ्याला जास्त. मग त्याने पालेभाजी सोडायची का? आणि हे ऐकून तिने गोळ्या थांबवायच्या का? दोन्हींचे उत्तर 'नाही' असेच आहे. ते का, हे समजून घेऊ.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. रोजच्या जेवणातून त्यातले जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम शोषले जाते. बाकीची गरज जुन्या तांबड्या पेशी मोडून निघालेल्या लोहातून भागते. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय मात्र शरीरात नाही. म्हणून आत किती घ्यायचे, यावरच पहारा असतो. हा पहारेकरी म्हणजे यकृतात तयार होणारे 'हेप्सिडिन' हे संप्रेरक. ते वाढले की आतड्यातून लोह कमी शोषले जाते आणि साठ्यातले लोहही बाहेर पडत नाही.

आता इन्सुलिनकडे वळू. पोटाची चरबी वाढली, हालचाल कमी झाली की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. यालाच इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. यकृतात चरबी साठू लागते, हलका दाह सुरू होतो. दाहामुळे हेप्सिडिन वाढते आणि लोह पेशींतच अडकून पडते. पावसाळ्यात कोयत्याला गंज चढतो, त्याच्याशी नाते सांगणारी रासायनिक क्रिया, म्हणजे ऑक्सिडीकरण, हे मोकळे लोह यकृताच्या पेशींत घडवते. पेशींना इजा होते, इन्सुलिन प्रतिरोध आणखी वाढतो. असे हे दुष्टचक्र आहे.

'मी तर सडपातळ, मला कसले फॅटी लिव्हर?' हा समज आपल्याकडे धोक्याचा ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्याशी मांडली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. म्हणून वजनकाट्यापेक्षा कंबरेचा घेर पाहा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हायला हवे.

फेरिटिन वाढले म्हणजे शरीरात लोह भरमसाट झाले, असे मात्र नव्हे. ताप, संसर्ग, दाह, दारू यांनीही ते वाढते. म्हणून डॉक्टर सोबत 'ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन' तपासतात. फॅटी लिव्हरमध्ये ते बहुधा मर्यादेत असते; ४५ टक्क्यांच्या वर असेल तर आनुवंशिक लोहवाढीसारख्या कारणांचा शोध घ्यावा लागतो. उलटही घडते: दाहामुळे फेरिटिन 'नॉर्मल' दिसते आणि लोहाची खरी कमतरता झाकली जाते.

रक्त काढून लोह कमी केले तर? ऑस्ट्रेलियात ७४ रुग्णांवर हा प्रयोग झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांत ना यकृतातील चरबी घटली, ना इन्सुलिन प्रतिरोध. गुण येतो तो वजन घटवल्याने. ५ टक्के वजन कमी झाले तरी यकृतातील चरबी उतरू लागते. ७ ते १० टक्क्यांनी दाहही कमी होतो. म्हणजे ८० किलोच्या माणसाने ६ ते ८ किलो, तेही सावकाश.

त्यासाठी परदेशी आहार नको. ताटातला भात थोडा कमी करून वालाची उसळ, मासळी, भाजी वाढवावी. वरकस जमिनीतली नाचणी पुन्हा ताटात यावी. कोल्ड्रिंक, बेकरीचे पदार्थ आणि दारू बंद करावी. रोज अर्धा तास झपाझप चालावे.

सुनेचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ नुसार देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. तिने गोळ्या सोडू नयेत. गरोदरपणात तर मुळीच नाही. गोळी चहासोबत घेऊ नये. लिंबू किंवा आवळ्यासोबत लोह चांगले शोषले जाते. मात्र तिच्या गोळ्या घरातल्या पुरुषाने 'अशक्तपणा वाटतो' म्हणून परस्पर घेऊ नयेत. पुरुषात लोह कमी निघाले, तर रक्त कुठे वाहून जाते का, हे आधी तपासावे लागते.

घर एक, चूल एक असली तरी रिपोर्ट ज्याचा त्याचा असतो. गोळी सुरू करण्याआधी आणि थांबवण्याआधीही तो डॉक्टरांना दाखवा.