हरिपुऱ्याची चित्रे आणि आपल्या घरातले शब्द

पलसाण्याच्या चौकडीवर पाच मिनिटे उभे राहिले तरी कानावर चार भाषा पडतात. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग आणि बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करीत धुळ्याकडे जाणारा महामार्ग इथे एकमेकांना भेटतात. कडोदरा, तांतीथैया, जोळवा ह्या बाजूला कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या आहेत. तिथे कामाला आलेली माणसे ओडिशाची, उत्तर प्रदेश-बिहारची, तशीच जळगाव, धुळे, नंदुरबारचीही. दुकानात गुजराती, खात्यात हिंदी, घरी अहिराणी आणि गावाकडे पत्र लिहायचे तर मराठी, असा इथल्या आपल्या माणसाचा दिवस जातो.

ह्या माणसाला एक प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जातो. इथले विचारतात, ‘तुम्ही तिकडचे ना?’ सुट्टीत गावी गेले की तिकडचे म्हणतात, ‘तुम्ही आता सुरतवाले झालात!’ मुलांना तर हा प्रश्न फारच बोचतो. कारण त्यांचा जन्म इथला, शाळा इथली आणि आजोळ मात्र तापीच्या वरच्या अंगाला.

ह्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर चित्रांच्या एका प्रदर्शनात दडलेले आहे. हे प्रदर्शन १९३८ साली पलसाण्याच्या शेजारच्या बारडोली भागात भरले होते आणि त्याची पहिली पायरी खानदेशात, फैजपूरला घातली गेली होती. आपल्या दोन्ही गावांना जोडणारी ही हकिगत आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. भाषेच्या अंकात ती सांगण्याचे कारण पुढे येईलच.

फैजपूरची सुरुवात

काँग्रेसची अधिवेशने पूर्वी मोठ्या शहरांत भरत. देश खेड्यांत राहतो, तेव्हा अधिवेशनही खेड्यात भरले पाहिजे, असा आग्रह महात्मा गांधींनी धरला. त्यातून डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातल्या फैजपूरला अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. साने गुरुजींसारखी माणसे त्यासाठी राबली. अधिवेशनाच्या जागेला टिळकनगर असे नाव दिले होते. एवढे खानदेशातल्या जुन्या माणसांना माहीत असते.

परंतु ह्या टिळकनगराची सजावट कोणी केली, हे सहसा सांगितले जात नाही. ती केली शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस ह्यांनी. गांधीजींनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतले होते. अट एकच होती, शहरातून सामान आणायचे नाही. बांबू, गवत, लाकूड असे जे खेड्यात मिळेल त्यातूनच शोभा आणायची. नंदलालबाबूंनी आणि म्हात्रे नावाच्या वास्तुरचनाकारांनी ते करून दाखवले. खादी आणि ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी ह्या दोघांचा नाव घेऊन गौरव केला.

ह्यामागचा विचार आजही नवा वाटतो. शेतकऱ्याने शहरात जाऊन, तिकीट काढून, दबकत दबकत चित्रे पाहायची, हे गांधीजींना मान्य नव्हते. चित्रांनीच त्याच्या वाटेवर यावे, असे त्यांना वाटे.

वेशीवरची चित्रे

पुढचे अधिवेशन फेब्रुवारी १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यात, तापीकाठच्या हरिपुऱ्याला झाले. हे गाव कडोदजवळ, बारडोलीच्या ईशान्येला सुमारे १३ किलोमीटरवर आहे. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. अधिवेशन ५१ वे, म्हणून त्यांची मिरवणूक ५१ बैलांच्या रथातून काढली होती. सरदार पटेलांचे थोरले बंधू विठ्ठलभाई ह्यांच्या स्मरणार्थ तात्पुरत्या वसवलेल्या नगराला विठ्ठलनगर म्हटले गेले.

गांधीजींनी नंदलालबाबूंना पुन्हा बोलावले. ह्या वेळी त्यांनी वेशी आणि मंडप ह्यांच्यासाठी चित्रे केली. हातकागद पुठ्ठ्यावर चिकटवून त्यावर मातीचे रंग, ठसठशीत रेषा आणि सपाट रंगभरणी. सुमारे दोन फूट उंचीची ही चित्रे. ऐंशीहून अधिक मूळ चित्रे त्यांनी स्वतः काढली. त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती केल्या आणि सगळी मिळून संख्या चारशेच्या घरात गेली.

ह्या चित्रांत देवदेवता किंवा राजेरजवाडे मुख्य नाहीत आणि पुढाऱ्यांच्या तसबिरीही नाहीत. ढोल वाजवणारा, कापूस पिंजणारा, कपडे शिवणारा, शिकारी, बैल आवरणारा गडी, लेकराला घेतलेली आई अशी रोजची माणसे आहेत. सभेला आलेला शेतकरी वेशीखालून जाताना मान वर करी, तेव्हा त्याला आपल्याच आळीतला माणूस दिसे.

त्या काळचे पलसाणे गायकवाडी मुलखात, नवसारी प्रांतात होते आणि बारडोली, हरिपुरा हा इंग्रजी मुलूख होता. म्हणजे पलसाणे तेव्हाही सरहद्दीवरचेच गाव होते, फक्त सरहद्द निराळी होती. पुढे १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर अकरा वर्षे पलसाणा, हरिपुरा, फैजपूर एकाच राज्यात नांदली. १ मे १९६० रोजी पुन्हा नवी रेघ आखली गेली. रेघा बदलत राहिल्या. तापी मात्र फैजपूरच्या मुलखातून हरिपुऱ्याकडे तेव्हाही वाहत होती, आजही वाहते.

हरिपुऱ्यानंतर नंदलालबाबू बडोद्यालाही आले. सयाजीराव गायकवाडांच्या निमंत्रणावरून तिथल्या कीर्तिमंदिराच्या भिंतींवर त्यांनी १९३९ ते १९४६ ह्या काळात टप्प्याटप्प्याने भित्तिचित्रे रंगवली. गंगावतरण, मीरेचे चरित्र आणि महाभारतातले प्रसंग त्यांत आहेत. एक बंगाली चित्रकार असा खानदेश, सुरत जिल्हा आणि मराठी राजघराण्याचे बडोदे ह्या तिन्ही ठिकाणी आपल्या खुणा ठेवून गेला.

हरिपुऱ्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. २०१९ साली गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने त्यांतली काही चित्रे इटलीत व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात भारताच्या दालनात मांडली गेली. खेड्यातल्या वेशीसाठी काढलेली चित्रे व्हेनिसला पोचली, ह्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु ज्या माणसांसाठी ती काढली, त्यांच्या नातवंडांना ती माहीत नाहीत, ह्याचे वाईटही वाटले पाहिजे.

चित्राखालचा शब्द

आता भाषेचा मुद्दा. वेशीवरच्या त्या चित्रांना समजावून सांगणाऱ्या पाटीची गरज नव्हती. पिंजारी कोण, हे पाहणाऱ्याला ठाऊकच होते. त्याच्या तोंडी तो शब्द होता, मग तो शब्द गुजराती असो, मराठी असो की आदिवासी बोलीतला असो. आज गोष्ट उलटी झाली आहे. कापूस पिंजणारा आपल्या दारावरून जात नाही. त्याची धनुकली मुलांनी पाहिलेली नाही. वस्तू गेली की शब्दही तिच्या मागोमाग जातो. मग चित्र समोर असूनही मुलगा विचारतो, ‘हा माणूस कोणते वाद्य वाजवतो?’

आपल्या भागात ह्यात आणखी एक गुंता आहे. गुजराती शाळेत शिकणाऱ्या मराठी घरच्या मुलासमोर जाते ठेवा. तो म्हणेल, ‘घंटी.’ गुजरातीत ते अगदी बरोबर आहे. परंतु नुकत्याच गावाहून आलेल्या त्याच्या मावसभावाला घंटी म्हटले की शाळेची घंटी आठवते. तो दगडाकडे पाहून हसतो. त्यांची आजी दोघांनाही सांगते, ‘अरे, ह्याला घरोट म्हणतात.’ एका वस्तूभोवती तीन शब्द आणि तिघेही खरे.

असे कितीतरी शब्द आहेत. आपला शिंपी तो गुजरातीत दरजी. आपले मुसळ ते सांबेलुं. सूप ते सूपडुं. चरख्याला इथे रेंटियो म्हणतात. पिंजारी मात्र पिंजारो होतो आणि कुंभार दोन्हीकडे कुंभारच राहतो. ही काही भांडणाची यादी नाही. दोन शेजारणींनी एकमेकींच्या घरातली भांडी ओळखावीत, तसा हा प्रकार आहे.

मात्र एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मुलाला घंटी हा शब्द आला आणि जाते हा शब्द गेला, तर एकच शब्द जात नाही. जात्यावरच्या ओव्या जातात. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण जाते. आजीचे बोलणे अर्धे कळेनासे होते. मुले आजीशी बोलायची थांबतात ती मायेच्या अभावी नव्हे. शब्द कमी पडतात म्हणून थांबतात. स्थलांतर केलेल्या घरांत हे नुकसान कोणाच्याही हिशेबात धरले जात नाही.

गुजराती शिकू नये, असे कोणी सुचवत असेल तर ते चुकीचे आहे. ज्या भूमीत पोट भरते तिची भाषा आलीच पाहिजे, चांगली आली पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, तिच्या शेजारी आपल्या शब्दाला बसायला पाट मिळतो की नाही.

पायंडा इथलाच आहे

दोन-तीन भाषा शेजारी शेजारी मांडण्याची कल्पना आपल्या भागाला परकी नाही. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणायला लावले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत. एवढेच नव्हे, तर ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे आणि चित्रपट दाखवण्याची फिरती शाखाही ग्रंथालय खात्याने काढली होती. ह्या खात्याचे नियतकालिक १९१२ पासून निघू लागले, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ज्या संस्थानात पलसाणे होते, त्या संस्थानाची ही रीत होती.

आजचे उदाहरण हवे असेल तर नवापूर रेल्वे स्थानक पाहा. ह्या स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. फलाटावरच्या एकाच बाकाच्या अर्ध्या भागावर महाराष्ट्र आणि अर्ध्या भागावर गुजरात असे लिहिलेले आहे. गाडीची सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत दिली जाते. त्यामुळे कोणाची गाडी चुकत नाही की कोणाचा अपमान होत नाही. गाडीच्या वेळेसाठी जे जमते, ते प्रदर्शनातल्या वस्तूसाठी का जमू नये?

सुरतेचे संग्रहालय १८९० सालचे. आधी ते विंचेस्टर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाई, पुढे त्याला सरदार पटेलांचे नाव मिळाले आणि आता ते शहरातल्या विज्ञान केंद्रात आहे. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. तेव्हा शहरातल्या संग्रहालयांत गुजराती पाटीच्या शेजारी मराठी ओळ असावी, अशी विनंती शिक्षकांनी आणि मंडळांनी लेखी करायला हरकत नाही. मागणी गोडीने केली तर ती ऐकली जाते, असा सरहद्दीवरच्या माणसाचा अनुभव आहे.

आपण काय करू शकतो

परंतु सगळे दुसऱ्यावर सोपवून बसण्याचे कारण नाही. फैजपूरने आणि हरिपुऱ्याने शिकवले ते हेच की, प्रदर्शनाला इमारत लागत नाही. आपल्याकडे गणेशोत्सवाचे मांडव आहेत. दहा दिवस माणसांची रीघ असते. रोषणाईच्या खर्चातून थोडे बाजूला काढून मांडवाची एक बाजू प्रदर्शनाला द्यावी.

त्यात काय मांडायचे? गावाहून येताना आणलेल्या आणि माळ्यावर पडलेल्या वस्तू. सूप, तांब्या-पितळेची भांडी, आजीची गोधडी, बलुत्याच्या काळची अवजारे. गिरणीत काम करणाऱ्यांनी आपल्या हातातली साधने आणि छपाईचे नमुने ठेवावेत, कारण उद्याच्या मुलांना तीही जुनीच वाटणार आहेत. वस्तू नसेल तर मुलांनी तिचे चित्र काढावे. हरिपुऱ्याच्या चित्रांप्रमाणे जाड कागद, मातीचे रंग आणि ठसठशीत रेषा एवढे पुरे. चित्र कोणाचे काढायचे? आळीतल्या माणसांचे. शिवणकाम करणारी काकू, लारीवाला, रंगखात्यातला कामगार, सगळे चित्राचे विषय आहेत.

प्रत्येक वस्तूखाली तीन ओळी लिहाव्यात. पहिली गुजरातीत, कारण शेजाऱ्याला समजले पाहिजे. दुसरी मराठीत. तिसरी घरच्या बोलीत, मग ती अहिराणी असो, लेवा गणबोली असो, कोकणी असो की मावची. हा तिसरा शब्द कोशात सापडेलच असे नाही. तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावा लागेल. ह्या प्रदर्शनाचा खरा लाभ तोच आहे. वस्तू घेऊन नातवंड आजीपाशी बसेल आणि विचारेल, ‘आजी, ह्याला आपल्यात काय म्हणतात?’ आजी शब्द सांगेल आणि त्यासोबत एखादी गोष्टही सांगेल. ती वहीत उतरवून ठेवावी. ओडिशाचे, बिहारचे शेजारी आपला शब्द घेऊन आले तर चौथी ओळही आनंदाने लिहावी.

प्रदर्शन उतरवल्यावर ह्या वह्या शाळेत किंवा वाचनालयात द्याव्यात. दहा गावांतल्या दहा वह्या जमल्या तर सरहद्दीवरच्या घरगुती शब्दांचा एक लहानसा कोश तयार होईल. तो करायला कोणत्याही सरकारची वाट पाहण्याची गरज नाही.

आणि एखादा रविवार मोकळा असेल तर मुलांना घेऊन बारडोलीमार्गे हरिपुऱ्याला जाऊन यावे. तापीकाठी उभे राहून त्यांना सांगावे की, इथल्या वेशींवर एकदा आपल्यासारख्या माणसांची चित्रे लागली होती आणि ती लावणारा चित्रकार त्याआधी आपल्या फैजपूरला येऊन गेला होता. मग ‘तुम्ही इथले की तिकडचे?’ असे कोणी विचारले, तर मुले आपल्या मनानेच उत्तर देतील, ‘आम्ही तापीकाठचे.’