लहान खोलीतील स्टीरिओ संचाची पारख

ध्वनिमुद्रित संगीत हे आता संगीतविषयक संशोधनाचे एक प्रमुख साधन झाले आहे. मात्र बहुतेक विद्यार्थी ते विभागाच्या श्रवणकक्षात वापरीत नाहीत. अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या एखाद्या दहा फूट रुंदीच्या खोलीत, शिष्यवृत्तीच्या मर्यादेत बसेल अशा लहान स्टीरिओ संचावर ते ऐकतात. असा संच चांगला की वाईट, हा एरवी घरगुती आवडीनिवडीचा प्रश्न होय. परंतु एखाद्या प्रबंधात अमुक तबलावादकाचा डग्गा ‘कोरडा’ आहे असे विधान येते, तेव्हा तो कोरडेपणा वादकाचा, संचाचा की खोलीचा, हे ठरविल्याशिवाय त्या विधानास काही किंमत उरत नाही.

खरेदीच्या वेळी प्रथम डोळ्यांत भरतो तो वॉटचा आकडा. खोक्यावर ‘पीएमपीओ’ या अक्षरांसह छापलेल्या हजारो वॉटना कोणतेही सर्वमान्य मापन आधारभूत नाही. अमेरिकेत १९७४ साली संघीय व्यापार आयोगाला घरगुती अँप्लिफायरच्या शक्तीविषयी जाहिरातीत काय सांगावे, यासंबंधी नियम करावा लागला, यावरून हा रोग केवळ येथलाच नाही हे दिसते. ग्राह्य धरावयाचा तो ‘आरएमएस’ या संज्ञेने दिलेला, संच सतत देऊ शकेल अशा शक्तीचा आकडा. साधारण स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर सुमारे ८५ डेसिबेल पातळीचा ध्वनी देतो. दहा-बारा फुटांच्या खोलीत सामान्य श्रवणास एखादा वॉट पुरतो. तबल्याची थाप मात्र सरासरीहून दहा-पंधरा डेसिबेलांनी वर जाते, आणि दर दहा डेसिबेलांस शक्ती दसपट लागते. म्हणजे वीस-तीस खरे वॉट असले की काम भागते. शक्ती दुप्पट केल्याने पातळी अवघी तीन डेसिबेल वाढते. तेव्हा चाळीस वॉटच्या संचासाठी दीडपट किंमत देण्याआधी त्या तीन डेसिबेलांचा उपयोग काय, याचा विचार करावा.

खरी उणीव असते ती खर्जाच्या बाजूस. चार-पाच इंची स्पीकर, तोही लहान पेटीत बसविलेला, दर सेकंदास ८० ते १०० कंपनांच्या खाली झपाट्याने दुबळा होतो. पेटीला मागे छिद्र ठेवून त्या सीमेजवळचा ध्वनी वाढविता येतो. पण सीमेखाली उतरताच अशा पेटीचा ध्वनी बंद पेटीपेक्षाही अधिक वेगाने घसरतो. गंमत अशी की, हे ऐकणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे सुमारे १३९ कंपनांचा मानला, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूलस्वर सुमारे ६९ कंपनांचा येतो. स्पीकरने तो मूलस्वर मुळीच दिला नाही तरी १३९, २०८, २७७ या उपस्वरांवरून कान तो स्वर आपल्यापुरता उभा करून घेतो. स्वर कळतो, त्याचे वजन मात्र कळत नाही. यास्तव ‘खर्ज ऐकू येतो’ एवढ्यावर संचास प्रमाणपत्र देणे योग्य नव्हे.

त्याऐवजी परीक्षा घ्यावी ती डग्ग्याच्या घिश्श्याची. डग्ग्याचा मूलस्वर सामान्यतः शंभर कंपनांच्या आसपास किंवा त्याखाली असतो, आणि मनगटाच्या दाबाने तो अखंड वर चढतो. चांगल्या संचावर ही चढण एकसंध ऐकू येते. ज्या संचात एकाच ठिकाणी कृत्रिम फुगवटा देऊन ‘भरदारपणा’ आणलेला असतो, त्यावर घिस्सा मध्येच एका पायरीवर गुरगुरतो आणि लगेच निसटतो. प्रत्येक ‘घे’ सारखाच वाटू लागतो. दुकानदार बहुधा ठेकेदार चित्रपटगीत लावून दाखवितात, त्यात हा दोष गुण म्हणून खपून जातो.

तथापि येथे घाई करून चालत नाही, कारण हाच दोष खोलीही निर्माण करते. मुंबईच्या हवेत, ३० अंश तापमानास, ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४९ मीटर असतो. दोन समोरासमोरच्या भिंतींमधील अंतर दहा फूट असेल, तर त्यांच्यामध्ये ५७ कंपनांच्या आसपास स्थिर तरंग उभा राहतो. बारा फुटांस तो ४८ च्या जवळ येतो, आणि नऊ फूट उंचीच्या छताखाली ६४ च्या. लांबी व रुंदी यांचा संयुक्त तरंग ७५ जवळ पडतो, आणि एकेका तरंगाची दुप्पट पुन्हा ९५ व ११४ येथे. डग्ग्याचा सारा व्यवहार याच पट्ट्यात चालतो, हे ध्यानात घेतले म्हणजे एकाच संचाविषयी दोन घरांतून परस्परविरोधी मते का येतात याचा उलगडा होतो. खोली चौरस असल्यास लांबी व रुंदीचे तरंग एकाच कंप्रतेवर येतात आणि फुगवटा दुणावतो. उपनगरांतील जुन्या एका खोलीच्या सदनिकांत ही आपत्ती विरळ नाही.

दोष कोणाचा हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. तोच घिस्सा पुन्हा लावून श्रोत्याने दोन-तीन फूट जागा बदलावी. गुरगुर जागेनुसार कमी-अधिक झाली तर ती खोलीची. सर्वत्र सारखीच राहिली तर संचाची. भिंतीला पाठ लावून ठेवलेल्या पलंगावर ती नेहमी सर्वांत अधिक असते, आणि नेमके तेथेच बसून ऐकण्याची घरोघर रीत आहे. स्पीकर कोपऱ्यात, भिंतीत बसविलेल्या शोकेसमध्ये किंवा लोखंडी कपाटावर ठेवल्यानेही खालचे स्वर फाजील वाढतात. कपाट तर स्वतःच झणझणू लागते. वरून घातलेला विणकामाचा रुमाल निरुपद्रवी असतो, मखमली आच्छादन मात्र वरचे उपस्वर गिळते. फरशी व गिलावा यांखेरीज काही नसलेल्या खोलीत एक टाळी वाजवावी. मागोमाग कर्कश थरथर ऐकू आली तर एका भिंतीवर पुस्तकांचे उघडे कपाट किंवा जाड पडदा द्यावा.

बाहेरचा गोंगाट हा वेगळाच विषय होय. घाटकोपरवरून विमाने उतरतात. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाल्यापासून काही घरांच्या खिडक्यांशी गाडी समपातळीवर आली आहे. बोरिवली-मुलुंडच्या डोंगराकडील वस्त्या त्या मानाने शांत आहेत. या गोंगाटावर मात करण्यासाठी संच मोठ्याने लावला जातो, आणि रात्री शेजाऱ्यांसाठी तो हळू करावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री दहानंतर ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, ध्वनीची पातळी उतरली म्हणजे खालच्या स्वरांबाबत कानाची संवेदनशीलता मधल्या स्वरांपेक्षा अधिक घटते. दुपारी दुकानात घुमणारा डग्गा रात्री घरी नाहीसा होतो तो यामुळे. म्हणून ज्या पातळीवर प्रत्यक्ष अभ्यास होणार त्याच पातळीवर संच पारखावा. आणि दोन संचांची तुलना करताना दोहोंची पातळी काटेकोरपणे सारखी करून घ्यावी. एखाद्या डेसिबेलाने मोठा असलेला संच कानाला मोठा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो.

स्टीरिओपणाविषयी फार लिहावयास नको. अॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट मागितले, तिला दोन स्पीकरांत अंतर हवे. ते अंतर आणि श्रोत्यापर्यंतचे अंतर साधारण समान असावे. एकाच पेटीत जखडलेल्या दोन स्पीकरांनी ते साधत नाही. याउलट अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) यांच्या काळातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एकाच वाहिनीच्या आहेत. त्यांचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधून आला पाहिजे. तो जर दोन्ही बाजूंना पसरला आणि खालचे स्वर विरळ झाले, तर एका स्पीकरच्या तांबड्या-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत असे समजावे. फुकटात होणारी ही परीक्षा पुष्कळ जण करीत नाहीत.

राहिला तंबोरा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली निदर्शनास आणले की, जवारीमुळे तारेत असे उपस्वरही उमटतात, जे छेडण्याच्या जागेवरून पाहता उमटू नयेत. तंबोऱ्याने तेव्हा खर्जाची नव्हे, वरच्या उपस्वरांची परीक्षा होते. पंचम, जोड व खर्ज यांच्या छेडण्यात उपस्वरांची माळ वरून खाली सावकाश ओघळत गेली पाहिजे. त्यातला एकच उपस्वर शिट्टीसारखा टोचू लागला, किंवा सारा झंकार भुसा सांडावा तसा खरखरला, तर पहिल्या दोषाला स्पीकर व दुसऱ्याला बहुधा अतिसंक्षेपित ध्वनिफीत कारणीभूत असते. तीच फीत हेडफोनवर लावून पाहावी. खरखर कायम राहिली तर संच निर्दोष आहे. हेडफोनवर खोलीचा संबंध तुटतो, गवई मात्र समोर न बसता डोक्याच्या आत बसल्यासारखा वाटतो. असे असले तरी डग्ग्याच्या वजनाविषयी किंवा जवारीच्या जातीविषयी टिपणात एखादे विशेषण घालावयाचे असेल, तर तेवढा भाग हेडफोनवर एकदा ताडून पाहावा, आणि दोन्ही ठिकाणी तेच ऐकू आले तरच ते विशेषण ठेवावे.