चिऊचे दार, काऊचे घर

मराठी घरात मुलाच्या कानावर पडणारी पहिली गोष्ट बहुधा चिऊ-काऊची असते, आणि चित्रपुस्तके, बालवाड्या व मोबाइलचा पडदा या तिन्ही ठिकाणी आज ज्यांचे नवनवे अवतार तयार होत आहेत, अशा जुन्या गोष्टींमध्येही तिचे स्थान बरेच वरचे आहे. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. मोठा पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, आणि भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशी येऊन उभा राहतो. चिमणी मात्र बाळाला न्हाऊ घालायचे आहे, टीट लावायची आहे, निजवायचे आहे, असे एकेक काम पुढे करत त्याला थांबवून ठेवते. एकच विनवणी आणि दरवेळी नवे उत्तर अशा कड्या जोडत जाणाऱ्या या रचनेला लोककथेचे अभ्यासक साखळीकथा म्हणतात. तीन वर्षांचे मूल ती दोन-तीनदा ऐकून स्वतः सांगू लागते, याचे कारण हीच साखळी होय.

या गोष्टीचे एक जुने छापील रूप १८६८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ या इंग्रजी संग्रहात सापडते. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची कन्या मेरी फ्रियर हिने दख्खनच्या दौऱ्यात आपली आया अ‍ॅना लिबेराटा डिसूझा हिच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी त्यात उतरवून घेतल्या आहेत. त्या पाठात, म्हणजे कथेच्या त्या विशिष्ट रूपात, कावळ्याचे घर शेणाचे नसून निवडुंगाच्या कुंपणावर रचलेल्या काटक्यांचे आहे, आणि शीर्षकातच चिमणीला स्वार्थी व कावळ्यांना बेघर म्हटले आहे. चिमणी शहाणी आणि कावळा आळशी, हा आज सर्रास काढला जाणारा अर्थ गोष्टीबरोबर जन्मलेला नाही, हे यावरून दिसते. मौखिक परंपरेत शेवटही एक नव्हता. काही घरांत चिमणी अखेर दार उघडून कावळ्याला चुलीपाशी बसवते आणि तिथे तो पोळतो, तर काही घरांत गोष्ट बंद दाराशीच थांबते.

पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या खोऱ्यात या गोष्टीतला पाऊस कल्पनेने उभा करावा लागत नाही. ताम्हिणीच्या परिसरात दरवर्षी हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि जुलै २०२४ मध्ये तेथे एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. सह्याद्रीच्या या पट्ट्यातील जुन्या घरांना कारवीच्या काठ्यांचा कूड असे, त्यावर माती आणि शेणाचा लेप चढवला जाई, आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून मृगापूर्वी छप्पर शाकारून भिंतींना पेंढ्याची झडप बांधावी लागे. ज्या मुलांची घरे स्वतःच शेणामातीने लिंपलेली होती, ती ही गोष्ट ऐकताना चिमणीच्या बाजूने दाराआड बसत असतील की कावळ्याच्या बाजूने बाहेर भिजत असतील, हा प्रश्न पुनर्कथन करणाऱ्याने, म्हणजे जुनी गोष्ट नव्याने सांगणाऱ्याने, टाळू नये. शिवाय याच खोऱ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशीचे धरण झाले, १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला, आणि तरीही कित्येक गावांची घरे व भातखाचरे पाण्याखाली गेली. पाण्याने घर गमावलेल्याला आळशी म्हणणे इथे फारच कठोर ठरते.

आजच्या बहुतेक पुनर्कथनांना ही अडचण जाणवलेली आहे, परंतु तिच्यावर शोधलेला उपाय घाईचा असतो: कावळा येताच चिमणी दार उघडते, दोघे मिळून खाऊ खातात आणि पावसानंतर नवे घर बांधतात. हेतू चांगला असला, तरी यात साखळीच गळून पडते, आणि तिच्याबरोबर दाराबाहेरचा तो लांबत जाणारा वेळही, ज्यात ऐकणारे मूल अस्वस्थ होऊन स्वतःचे मत बनवू लागते. घराच्या मजबुतीवर बेतलेल्या ‘तीन डुकरे’ या इंग्रजी कथेबाबत अधिक धीटपणे प्रयोग झाले. जॉन शेस्का यांनी १९८९ मध्ये लांडग्याच्या तोंडून त्याची बाजू मांडली, तर युजीन त्रिविझास यांनी १९९३ मध्ये लांडगेच लहानगे आणि डुक्कर दांडगे करून टाकले. इराणमध्ये फरीदे फरजाम यांच्या ‘न बोलावलेले पाहुणे’ या पुस्तकातील म्हातारी पावसाळी रात्री एकेका प्राण्यासाठी दार उघडत जाते आणि तिचे इवलेसे घर भरत जाते. तिथे दार लगेच उघडते, तरी साखळी शाबूत राहते, हे विशेष.

चिमणीची बाजूही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी. तिच्या प्रत्येक उत्तरात बाळ आहे आणि निसर्गात कावळे चिमण्यांची अंडी व पिल्ले खरोखरच खातात, हे ध्यानात घेतले की ज्याला सबबी समजले जाते, ते आईचे भय ठरते. बेघराची गरज खरी आणि आईची भीतीही खरी, असे दोन्ही खांद्यांवर घेऊन चालणारे पुनर्कथन मुलांना पेलणार नाही असे मानण्याचे काही कारण नाही; पाच वर्षांच्या मुलांसमोर गोष्ट बंद दाराशी थांबवून ‘आता चिऊने काय करावे?’ असे विचारले, तर वर्गात लगेच दोन तट पडू शकतात, आणि अशा वादात वयाला न शोभणारे काही नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत तर भूमिकाच पालटल्या आहेत. कौलांच्या फटी, वळचणी आणि भिंतीवरच्या तसबिरींमागची जागा सिमेंटच्या घरांत उरली नाही, त्यामुळे मुळशीत भातखाचरांच्या जागी बंगले उभे राहिले तरी त्यांत चिमणीला घर मिळेलच असे नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो आणि शाळाशाळांत मुले चिमण्यांसाठी लाकडी घरटी तयार करतात. त्या घरट्याचे भोक सुमारे ३२ मिलिमीटरचे ठेवायचे असते, कारण तेवढ्यातून चिमणी आत जाते आणि कावळा जात नाही.