गुण कशाने आला?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणाला कावीळ झाली की झाडपाल्याचे औषध सांगणारा शेजारीच भेटतो. रोगी बरा होतो; यश औषधाला मिळते. परंतु कावीळ पुष्कळदा औषधावाचूनही उतरते. मग गुण कशाने आला, हे ठरवावे कसे?

१९८९ साली ओळखला गेलेला 'हिपॅटायटिस सी'चा विषाणू रक्तावाटे शिरतो आणि बहुधा कावीळ न दाखविताच वर्षानुवर्षे यकृत पोखरतो. शंभरांतील सुमारे तीस जण सहा महिन्यांत आपोआप मुक्त होतात. म्हणून औषधाच्या चाचणीत जुनाट रोगीच घेतात, चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे गट पाडतात, आणि औषध थांबल्यावर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू उरला काय ते पाहतात.

नुसत्या 'इंटरफेरॉन'च्या सुयांनी पाचांत एकही जेमतेम बरा होई. पुढे भारतात ११७ रोग्यांवर 'सोफोसबुव्हिर' व 'रिबाव्हिरिन' यांची चाचणी झाली. औषध १६ आठवडे घेणारे असोत की २४, दहांत नऊंहून अधिक मुक्त झाले.

२०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व उपचार मोफत आहेत. पूर्वी कधी रक्त चढविले असेल, अनेकांना टोचलेली सुई आपल्यालाही टोचली असेल, तर डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नये; रक्त तपासून घ्यावे.