शिवाशिवीचा खेळ

पळापळीच्या खेळाला आपल्याकडे शिवाशिवी म्हणतात. एकावर राज्य येते, बाकीचे पळतात आणि राज्यवाल्याने ज्याला शिवले त्याच्यावर राज्य जाते. ना चेंडू लागतो, ना दांडू, ना पैसा. अंगावरचा सदरा फाटका असला तरी चालते. म्हणून गरिबाच्या पोरांचा हा सगळ्यांत लाडका खेळ. आणि नाव नेमके तेच, ज्या शब्दाने आपल्या आज्या-पणज्यांच्या आयुष्याची माती केली. शिवलास का, शिवू नको, लांब हो. मोठ्यांच्या तोंडी जो शब्द विषासारखा होता, त्याच शब्दाचा पोरांनी खेळ करून टाकला होता. लहानपणी हे माझ्या कधी ध्यानात आले नाही. आता नातवंडे गल्लीत 'शिवलं, शिवलं, तुझ्यावर राज्य' म्हणून ओरडतात, तेव्हा येते.

राज्य या शब्दाचीही गंमतच आहे. खेळात राज्य कुणालाच नको असते. बाबासाहेबांनी सांगितले, शासनकर्ती जमात बना, आणि आमच्या वस्तीतली पोरे राज्य आले की 'मला आईनं बोलावलंय' म्हणून घराकडे पळायची!

माझे माहेर सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. गाव एका अंगाला, आमची वस्ती दुसऱ्या अंगाला आणि मधून ओढा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी जोरात असायचे, पुढे उन्हाळ्यापर्यंत एका कडेने घोट्याएवढी धार वाहायची आणि बाकी सगळी वाळू. ती वाळू म्हणजे आमचे पटांगण. गावाच्या चावडीपुढे आम्हाला कुणी खेळू देत नसे आणि गावातली पोरे वस्तीत येत नसत. वाळूवर मात्र दोन्हीकडची पोरे जमायची, कारण ती वाळू कुणाच्याच दारातली नव्हती.

तिथे काय खेळलो नाही? लंगडी, लगोरी, हुतूतू, आट्यापाट्या. आट्यापाट्यांच्या पाट्या वाळूत काठीने ओढायच्या आणि वारा सुटला की पुन्हा ओढायच्या. लगोरीला फुटक्या घागरीच्या खापऱ्या आणि चिंध्यांचा चेंडू. काठावरच्या वडाला पारंब्या, म्हणून सूरपारंब्या. बाभळीच्या लाकडाचा भोवरा घरीच तासायचा आणि त्याला खिळ्याची आर ठोकायची. एखादे पोर फारच लहान असले तर त्याला कच्चा लिंबू म्हणून खेळात घ्यायचे. ते बाद झाले तरी बाद धरायचे नाही. कच्च्या लिंबाला हाकलून न देण्याची ही रीत आम्हाला कुणी शिकवली नव्हती.

भिडू वाटायची पद्धत मला अजून आवडते. दोघा-दोघांनी बाजूला जाऊन गुपचूप नावे ठरवायची, मग एकमेकांच्या गळ्यात हात टाकून दोन्ही म्होरक्यांपुढे यायचे आणि विचारायचे, कुणाला पाहिजे चंद्र, कुणाला पाहिजे सूर्य? एक चंद्र वस्तीतला, तर सूर्य पाटलाच्या आळीतला. गळ्यात हात टाकल्याशिवाय डाव सुरूच होत नसे.

त्या आळीतली एक मैत्रीण होती. माझ्याच वयाची, पळायला वाऱ्यासारखी. आमची जोडी ठरलेली. हुतूतूत ती माझा पाय धरायची, मी तिच्या कमरेला मिठी घालायची, दोघी वाळूत लोळायचो. पण दिवस मावळला, घराकडून हाका आल्या की ती सरळ वाटेने घरी जात नसे. धारेत जिथे थोडे खोलगट होते तिथे कपड्यांसकट बसायची, डोके भिजवायची आणि निथळत जायची. सुरुवातीला मला वाटे, हिला पाण्याचा नाद आहे. एकदा मी तिच्या दारापर्यंत गेले तेव्हा कळले. तिची आई उंबऱ्यातूनच विचारत होती, "आगं, शिवून आलीस न्हवं? थांब तितंच, पानी घालते." आणि ती सांगत होती, "आई, मी वड्यात बुडी मारून आली की."

घरी येऊन मी हे सांगितले. थोरला भाऊ म्हणाला, "ती आपला इटाळ धुऊन जाती, आन् तू तिला मैत्रीन म्हन्तीस." मी भांडले. म्हटले, ती आईचा मार चुकवायला बुडी मारते. आज इतक्या वर्षांनीही दोघांतले खरे कोणते हे मी ठरवू शकत नाही. दोन्ही खरे असेल. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला तरी कुठे ठाऊक असणार?

आमचे आण्णा मात्र ऐकून घेऊन गप्प बसले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली, त्यानंतर आमच्या वस्तीनेही धम्म स्वीकारला होता. मेलेली जनावरे ओढणे बंद केले, येसकरकीची भाकरी बंद केली. त्यापायी मोठ्या माणसांनी उपास काढले होते. आण्णांनी आम्हा भावंडांना समोर बसवले आणि म्हणाले, "आपल्याला शिवल्यावर ज्येला आंघूळ करावी लागती, त्येच्यासंगं खेळायचं न्हाय. भाकरी सोडली आपुन, मग ह्यो ख्योळ सुटंना व्हय?"

त्या दिवसापासून वाळू बंद. आम्ही तक्क्यापुढच्या अंगणात खेळू लागलो. जागा अपुरी. लंगडी चालायची, पण आट्यापाट्या मांडता येईनात. मी आण्णांवर रुसले होते. ते चुकले असे मी आजही म्हणणार नाही. पण पोरीच्या जातीला एकच जिवाभावाची मैत्रीण असते, आणि ओढ्याच्या पलीकडून ती हाका मारी तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखे करी.

मग १९७२ चा दुष्काळ आला. खटाव-माणचा मुलूख आधीच पावसाला महाग, त्यात त्या वर्षी ओढा दिवाळीआधीच आटला. विहिरींनी तळ गाठला. सगळे गाव, सगळी वस्ती दुष्काळी कामावर. पाटलाच्या आळीतल्या बायका, ज्यांनी कधी उन्हात पाय टाकला नव्हता, त्या डोक्याला पदर गुंडाळून आमच्या आयांच्या ओळीत खडी फोडायला बसल्या. लाल मिलोच्या भाकरी सगळ्यांच्याच फडक्यात. सुकडी वाटायची तेव्हा पोरांची रांग एकच. पाण्याची पिंपे तेवढी त्याही वेळी दोन होती, हे विसरून चालणार नाही.

आया खडी फोडत आणि आम्ही पोरी कडेला सावली शोधून सागरगोटे खेळत असू. खरे सागरगोटे म्हणजे एका काटेरी झुडपाचे राखी रंगाचे गुळगुळीत बी. ते आणायचे कुठून? आम्ही खडीतलेच पाच-पाच खडे निवडले. त्यांच्या धारा तळहाताला लागत, म्हणून ते मोठ्या दगडावर घासून गोल करायचे. एक गोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत भुईवरचे एकेक उचलायचे, मग दोनदोन, मग तीन, मग चारी एकदम. चौथ्या डावाला एके दिवशी माझ्या खड्यांवर दुसराच हात पडला. वर पाहिले, तर ती. म्हणाली, "मला बी घे की."

मी आण्णांकडे पाहिले. ते पलीकडे पहारीने दगड उपटत होते. त्यांनी पाहिले आणि पुन्हा पहार उचलली. त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ते वर्षभर आम्ही रोज खेळलो, आणि संध्याकाळी बुडी मारायला ओढ्यात पाणीच नव्हते. प्यायला हंडाभर पाणी दोन कोसांवरून येत असताना शिवलेल्या पोरीवर ओतायला कुणाच्या घरात होते?

१९७३ ला पाऊस चांगला झाला, ओढा वाहिला. ती वाळूवर आली, मीही गेले. आण्णा काही बोलले नाहीत. खेळ झाल्यावर ती तशीच कोरडी घरी गेली. रोज तसे झाले असे नाही. दारात तिची आजी बसलेली असली की बुडी मारावी लागे. पण आमचा खेळच फार दिवस उरला नव्हता. तेरावे-चौदावे लागले की आमच्याकडच्या पोरींचा खेळ संपे, मग ती गावातली असो की वस्तीतली. वाळूवर पोरे राहिली आणि आम्ही दोघी आपापल्या चुलीपाशी.

पुढे पुष्कळ वर्षांनी बाबासाहेबांची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही छोटी पुस्तिका मराठीतून वाचायला मिळाली. मूळ इंग्रजी पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली छापली. तिचे पहिलेच प्रकरण वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण ते आमच्याच तालुक्यातले आहे. १९०१ साल. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला (इंग्रजी पुस्तिकेत कोरेगाव छापले आहे) रोखपाल होते. काम कसले, तर दुष्काळग्रस्तांना मजुरी मिळावी म्हणून चाललेले तलाव खोदण्याचे. सुट्टीत त्यांना भेटायला छोटा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट. पोरे किती हरखली असतील! रेल्वेने मसूरला उतरली आणि जात कळताच तो सगळा आनंद करपला. बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे देऊन मिळाली, तर गाडीवान खाली चालणार आणि पोरांनीच गाडी हाकायची. जवळ डबाभर जेवण, पण वाटेत कुठे पाणी मिळाले नाही, म्हणून रात्र उपाशी काढली. सत्तर वर्षांनी त्याच तालुक्यात, तसल्याच दुष्काळी कामावर आमच्यासाठी पाण्याचे पिंप वेगळे होते.

साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव दाखल झाले, तिथे त्यांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपायाने पाणी ओतल्याशिवाय तहान भागत नसे. हे आपल्या पोरांना ठाऊक असते. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण त्याच दिवसांतली एक मौज चरित्रांत येते, तीही पोरांना सांगावी. मुसळधार पावसात छत्रीशिवाय शाळेत येऊन दाखवतो, अशी या हट्टी पोराने पैज मारली आणि चिंब भिजून वर्गात उभा राहिला. पेंडसे नावाच्या मास्तरांनी त्याला आपल्या घरी धाडून गरम पाण्याने आंघोळ घालायला लावली. फोटोत आपण सुटाबुटातले बाबासाहेब पाहतो. पैजेखातर पावसात पळणारा भिवाही त्यांच्यातच होता.

लग्न होऊन मी मिरजेला आले. मालक रेल्वेत, राहणे रेल्वेच्या चाळीत. तिथे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी पोरे एकाच मैदानात. सातारकडची पोरे आणि सांगलीकडची पोरे एकच खेळ वेगळ्या नियमाने खेळतात आणि त्यावरून तास-तासभर भांडतात, हे मी रोज ओट्यावर बसून पाही. एकदा आमचा थोरला विटी-दांडू खेळताना मोजत होता, वकट, लेंड, मुंड, नाल. एकेका शब्दाला विटी वेगळ्या जागी ठेवून टोलवायची, कधी पायाच्या चवड्यावर, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर. शेजारच्या तेलुगू बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, ही तर आमची अंकलिपी आहे! तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणजे एक, दोन, तीन, चार. माझ्या भावाने, आण्णांनी, त्यांच्या बापाने आयुष्यभर हे आकडे मोजले आणि कुणालाच माहीत नव्हते की आपण दुसऱ्या मुलखाची भाषा बोलतो आहोत. तसेच मुंबईच्या चाळीतून सुट्टीला येणाऱ्या गिरणीवाल्यांच्या पोरांनी आणलेल्या डबा ऐसपैसचे. 'ऐसपैस' हे मूळ इंग्रजी 'आय स्पाय', म्हणजे 'मी पाहिले'. खेळाला कुणी जात विचारली नाही, तशी भाषाही विचारली नाही.

आता ओढ्याची वाळू उपसून नेली. तिथे खडक उघडा पडला आहे आणि पोरे मोबाईलवर बोटे फिरवतात. पण आमच्या माहेरच्या वस्तीत १४ एप्रिलला समाजमंदिरापुढे खेळ ठेवण्याची रीत चालू आहे. लंगडी, संगीत खुर्ची, लिंबू-चमचा. पूर्वी पंचमीला धरायची ती फुगडी बाया आता जयंतीच्या रात्री धरतात. गेल्या खेपेला मी मंडळाच्या पोरांना म्हटले, सागरगोट्यांची स्पर्धा ठेवा. त्यांना सागरगोटे ठाऊक नव्हते, म्हणून रस्त्याच्या कामावरची खडी आणून घासली. शाळेतल्या बारा पोरी बसल्या आणि एक आजीबाई. त्या आजीबाईंनी १९७२ ला माझ्या आईशेजारी खडी फोडलेली. पोरी चार उचलताना चुकत होत्या. आजीबाईंनी न बघता चारी उचलले, ते सुद्धा तिनदा.

बक्षीस वही आणि पेन, कारण ते लहान मुलांसाठीच आणलेले. मंडळाच्या पोराला वाटले, आजीला याचे काय, म्हणून तो दोन्ही नातीच्या हातात द्यायला लागला. आजीबाईंनी वही नातीकडे जाऊ दिली, पण पेन काढून घेतले आणि चोळीत खोचले.